पोलिओ : परळची प्रयोगशाळा आणि दोन थेंब

विषाणू : एन्टेरोव्हायरस गटातला. मुक्काम आतड्यात, प्रसार विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि हातांतून. प्रकार तीन. नैसर्गिक विषाणूचा दुसरा प्रकार 2015 मध्ये, तिसरा 2019 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. पहिला अजून पाकिस्तान-अफगाणिस्तानात आहे.

लक्षणे : बहुतेकांना काहीच जाणवत नाही. साधारण 200 बाधितांपैकी एकाला कायमचे लुळेपण येते. उपचार नाही.

भावंडे : कॉक्सॅकी विषाणूंमुळे हात-पाय-तोंडाचा आजार होतो, एन्टेरोव्हायरस 70 मुळे डोळे येतात. पोलिओची लस यांवर चालत नाही.

परळ, मुंबई : हाफकिन संस्थेच्या आवारातल्या प्रयोगशाळेत 1949 पासून पोलिओवर संशोधन. 15 वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवतात. मुंबईच्या सांडपाण्याचीही 2001 पासून तपासणी होते. एकही रुग्ण नसताना विषाणू पकडण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

भारत : पल्स पोलिओ लसीकरण मोहीम 1995 पासून. नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011, हावडा. पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र 27 मार्च 2014.

लसीच्या कुपीवरची खूण : वर्तुळात फिकट चौकोन असतो. उष्णतेने तो गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद.

लसीचे वेळापत्रक : तोंडावाटे दोन थेंब जन्मतः, 6, 10 व 14 आठवड्यांना आणि 16 ते 24 महिन्यांत. इंजेक्शन 6 व 14 आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. डोस चुकला असेल, तर पाच वर्षांखालील बाळाला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या.