कांदा पचत नाही, तेव्हा काय होतं?

भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा आपण चवीने खातो. त्यातला एक घटक मात्र आपल्याला पचवता येत नाही, आणि त्याचा खरा उपयोग त्यामुळेच होतो.

बटाटा आपला साठा स्टार्चच्या रूपात करतो, कांदा साखर आणि फ्रुक्टानच्या रूपात. फ्रुक्टान म्हणजे फ्रुक्टोजचे रेणू एकाला एक जोडून झालेली साखळी. लसूण आणि गव्हातही ती असते. चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन ही तिचीच लांब जात.

घास चावल्यापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत भाकरीतला बहुतेक स्टार्च तुटून ग्लुकोज होतो आणि रक्तात शोषला जातो. फ्रुक्टानचे रेणू ज्या बंधांनी जोडलेले असतात, ते तोडणारं विकर मात्र माणसाच्या शरीरात तयार होत नाही. म्हणून फ्रुक्टान जवळपास जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो.

तिथे अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांतल्या बिफिडोबॅक्टेरियांकडे ही साखळी तोडणारी विकरं असतात. ते फ्रुक्टान आंबवून अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट सोडतात. ही टाकलेली द्रव्यं दुसऱ्या जातीचे जिवाणू उचलतात आणि त्यांपासून ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के या ब्युटिरेटमधून मिळवतात. म्हणजे आपल्याला न पचलेला कांदा दोन हातांतून फिरून आपल्याच पेशींचं अन्न होतो.

या आंबण्याने आतड्यातली आम्लता वाढते आणि अनेक रोगकारक जिवाणूंना तिथे वाढणं अवघड जातं. जिवाणूंची संख्या वाढते, मळाचं प्रमाण वाढतं आणि तो मऊ होतो. चिकोरीचं इन्युलिन रोज १२ ग्रॅम घेतल्यास शौचाला नियमितपणा येतो, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मान्य केला.

फ्रुक्टानसारखा न पचणारा चोथा जिवाणूंना मिळालाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत, चोथा नसलेल्या आहारावर काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा चिकट संरक्षक थरच खाऊ लागल्याचं दिसलं.

गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अशा पदार्थांना ‘प्रीबायोटिक’ म्हटलं: स्वतः न पचता उपकारक जिवाणूंना वाढवणारे पदार्थ. फ्रुक्टान एकटा नाही. हरभरा, मटकी, तूर यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या अशाच न पचणाऱ्या साखरा असतात. कच्च्या केळ्यात आणि शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च असतो. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळं खाद्य लागतं, म्हणून एकाच पावडरीच्या डब्यापेक्षा उसळ, भाजी, भाकरी, कांदा असं भरलेलं ताट अधिक कामाचं. प्रौढांनी अन्नातून रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आंबताना वायूही तयार होतो. एरवी कमी चोथा खाणाऱ्याने एकदम वाटीभर उसळ खाल्ली तर पोटात गुबारा धरतो. प्रमाण हळूहळू, काही आठवड्यांत वाढवावं आणि पाणी पुरेसं प्यावं. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिलं, मोड आणले, तर वायू करणाऱ्या साखरा कमी होतात.

आयबीएस म्हणजे संवेदनशील आतड्याचा त्रास असणाऱ्या अनेकांना मात्र थोडासा कांदाही सोसत नाही. त्यांना एक सोय आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून फोडणीत लसणाच्या पाकळ्या परतून काढून टाकल्या तर वास तेलात राहतो आणि फ्रुक्टान पाकळीबरोबर निघून जातो. रश्शात मात्र तो उतरतोच. अशांनी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने आपल्याला काय सोसतं ते एकेक करून पाहावं, सगळाच चोथा बंद करू नये. बाकीच्यांनी जेवताना कांदा, उसळ, भाजी बाजूला सारू नये. मोठ्या आतड्याच्या पेशींना हे अन्न रोज लागतं, आणि ते पोचवायला आपल्या ताटाशिवाय दुसरी वाट नाही.