वीज गेली, वीज आली : फ्रिजमधील अन्नाचे काय?



ऊस विकासाच्या पानावर फ्रिज कशाला, असे काहींना वाटेल. पण शेतकी मेळाव्यात खोडव्याच्या प्रश्नांबरोबर फ्रिजचे प्रश्नही भगिनींनी आम्हाला विचारले. उसाचे बिल हाती आले की घरात फ्रिज येतो. तो वापरावा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हे चार शब्द.

आपल्यापैकी अनेकांची मुले नोकरीनिमित्त मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला राहतात. याच भागातील विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५८ साली फ्रिज बनवायला सुरुवात केली. तिकडे वीज आपल्यासारखी वरचेवर जात नाही. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांच्या बऱ्याच भागांत वीज बंद पडली. त्या वेळी आम्ही घाटकोपरला मावसभावाकडे अडकलो होतो. दीड दिवसाने वीज आली. काही तासांत फ्रिज पुन्हा गारेगार. आतले मटण दिसायला चांगले, वासही नाही. काका म्हणाले, "गार आहे की, खाऊन टाकू." पण वहिनींनी काही ऐकले नाही, सगळे टाकून दिले. आम्हालाही तेव्हा ती नासाडीच वाटली. पण बरोबर वहिनींचेच होते.

कसे ते उसावरून पाहा. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजन घटते, उतारा उतरतो. मग तो कितीही घाईने गाळला तरी गेलेली साखर परत येत नाही. अन्नाचेही तसेच. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. वीज नसताना ते वाढले, की पुन्हा गार केल्याने कमी होत नाहीत. काही जंतूंनी सोडलेले विष तर उकळूनही जात नाही. म्हणजे गार झालेले अन्न चांगले झाले, असे समजू नये.

यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) फ्रिजच्या आत ४ अंश सेल्सिअस किंवा कमी आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंश तपमान असावे. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. साधा थर्मामीटर आत ठेवून पाहावा.

२) वीज गेली की दार उघडू नये. दार बंद राहिल्यास फ्रिजमधील अन्न सुमारे ४ तास टिकते. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. फ्रिजला ४ तासांहून जास्त वीज नसेल तर दूध, शिजवलेला भात, आमटी, मटण, मासे टाकून द्यावेत. लोणचे, लोणी, अख्खी फळे चालतात.

३) रात्री वीज किती वेळ गेली हे कळत नाही. त्यासाठी वाटीभर पाण्याचा फ्रीजरमध्ये बर्फ करावा आणि त्यावर एक नाणे ठेवावे. नाणे तळाशी गेलेले दिसले तर बर्फ वितळून पुन्हा गोठला असे समजावे. मग फ्रीजरमधील माल वापरू नये.

४) उरलेले अन्न दोन तासांच्या आत लहान, उथळ भांड्यांत काढून झाकून ठेवावे. मोठे गरम पातेले तसेच ठेवल्यास मध्यभाग उशिरा गार होतो आणि विजेचे बिलही वाढते. कच्चे मटण-मासे शिजवलेल्या अन्नाच्या खाली ठेवावेत.

५) फ्रिज भिंतीला चिकटवू नये, मागे चार-सहा इंच जागा सोडावी, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज निघाली तर रबर बदलावे. बर्फाचा थर पाव इंचाचा झाला की फ्रिज बंद करून वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. नळी फुटली तर गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवेच.

६) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कीटकनाशक किंवा तणनाशक, झाकण कितीही घट्ट असले तरी, फ्रिजमध्ये ठेवू नये. दारातली बाटली पाण्याची समजून पोर तोंडाला लावील. औषध कुलूपबंद पेटीतच असावे.

पाव किलो मटण टाकताना जीव हळहळतो हे खरे. पण त्यापायी घरातले एक माणूस दवाखान्यात गेले तर उसाच्या बिलातला मोठा हप्ता तिथेच जातो. शंका आली की टाकून द्यावे, हेच बरे.