पुसलेली फाईल आणि विकतची किल्ली

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरील लग्नसमारंभाचीं छायाचित्रें एखाद्याच्या हातून चुकून पुसलीं जातात. घरांत हळहळ सुरू होते. शोधाशोध करतां करतां फाईली परत मिळवून देणारा एक प्रोग्राम सांपडतो. तो फुकट कार्ड तपासतो, हरवलेल्या छायाचित्रांची यादीहि दाखवितो; परंतु तीं जतन करूं जावें, तों 'लायसन्स की' मागतो. ह्या क्षणीं घाईनें घेतलेला निर्णय पुष्कळदां महाग पडतो.

ही किल्ली नेमकें काय उघडते, हें समजण्यासाठीं फाईल पुसण्याचा अर्थ पाहिला पाहिजे. लहान मेमरी कार्डांवर व पेनड्राइव्हवर सामान्यतः फॅट नांवाची मांडणी असते. तींत फाईल पुसली म्हणजे तिच्या नांवाच्या पहिल्या अक्षराच्या जागीं एक खूण केली जाते आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर तेथेंच राहतो. ग्रंथालयाच्या सूचींतून चिठ्ठी काढली, तरी पुस्तक फळीवर असावें, तसेंच हें होय. मात्र त्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला, कीं जुना कायमचा नाहींसा होतो.

लायसन्स की म्हणजे अक्षरांची व अंकांची एक मालिका. ती खरी कीं खोटी, हें प्रोग्राम गणिती नियमानें ताडून पाहतो. परंतु एवढ्यानें एकच किल्ली शेंकडों घरीं चालूं शकेल. म्हणून ॲक्टिव्हेशनची पद्धति आली. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज एक्सपीबरोबर ती घरोघर पोंचविली. ह्या पद्धतींत संगणकाच्या भागांवरून काढलेली ओळखखूण इंटरनेटवरून विक्रेत्याकडे जाते आणि किल्ली व संगणक ह्यांची जोडी नोंदली जाते. ठरलेल्या संख्येहून अधिक संगणकांवर मग ती चालत नाहीं. म्हणून बिघडलेल्या संगणकावर ती खर्ची न घालतां, त्याची डिस्क ज्या संगणकास जोडावयाची, तेथेंच घालावी.

परंतु किल्ली कुलूप उघडते तें प्रोग्रामचें, डिस्कचें नव्हे. जें मुळांतच नष्ट झालें, तें पैशानें परत येत नाहीं. आधुनिक एसएसडी डिस्कला तर कोणती जागा मोकळी झाली ह्याची सूचना संगणकच देतो, आणि ती डिस्क सवडीनें ती जागा रिकामी करून टाकते. म्हणून यादींतील नांवावर विसंबूं नये. छायाचित्र पडद्यावर पूर्ण उघडून दिसलें, तरच पैसे द्यावे.

पैसे वांचविण्यासाठीं चोरीची किल्ली किंवा कुलूप मोडलेला प्रोग्राम घेणें हें तर अधिकच घातक. त्याबरोबर पुष्कळदां व्हायरस घरांत शिरतो. आणि तो प्रोग्राम हरवलेल्या फाईलींच्याच डिस्कवर उतरविला, तर त्या शोधावयाच्या आधींच पुसल्या जातात. वास्तविक फोटोरेक हा प्रोग्राम फुकट असून त्यास किल्लीच लागत नाहीं. मायक्रोसॉफ्टनेंहि २०२० सालीं विंडोज फाईल रिकव्हरी हें साधन विनामूल्य दिलें.

तेव्हां चूक लक्षांत येतांच कार्डाचा वापर थांबवावा, प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर ठेवावा आणि मिळालेल्या फाईली तिसऱ्याच जागीं उतरवाव्या. किल्लीचा विचार त्यानंतर करण्यास पुष्कळ वेळ असतो.