जुन्या बॅटरीला नवा दिवा

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा जुन्या पेटीत धातूची एक बॅटरी पडून असते. टॉर्च हा शब्द आपल्याकडे नंतर रुळला. गावात आजही तिला बॅटरीच म्हणतात आणि तिच्यात घालायचे ते सेल. पितळेची, वरून चकचकीत मुलामा, पकडायला बारीक खाचा आणि बाजूला सरकता खटका. कुणाकडे ती एव्हरेडीची असते, कुणाकडे अलाहाबादच्या शेरवानी कुटुंबाने उभ्या केलेल्या जीप कंपनीची. ज्या घरातले कुणी जहाजावर किंवा आखातात नोकरीला होते, तिथे एखादी काळी मॅगलाइटही सापडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बनणारी ही अ‍ॅल्युमिनियमची बॅटरी 1979 साली बाजारात आली आणि जगभर पोलिसांच्या हातात दिसू लागली. आता या सगळ्या भंगारवाल्याकडे वजनावर जातात. आमचे म्हणणे एवढेच की, द्यायच्या आधी एकदा उघडून पाहा.

कारण यातला जुना झालेला भाग फारच छोटा आहे. एकामागे एक सेल ठेवायची नळी, पुढे बल्ब आणि त्यामागे चकाकती वाटी ही रचना डेव्हिड मिसेल यांच्या 1899 च्या अमेरिकन पेटंटमध्ये आहे, आणि तिच्यात मुळातून बदलण्यासारखे आजवर कुणाला काही सापडलेले नाही. जुनाट आहे तो बल्ब. दोन सेलच्या बॅटरीत साधारण अडीच व्होल्टचा, 0.3 अँपिअरचा बल्ब असतो. म्हणजे पाऊण वॅट. त्या पाऊण वॅटमधला बहुतेक भाग तार तापवण्यातच जातो आणि उजेड म्हणून हाती येतात जेमतेम आठ-दहा ल्युमेन. तेवढीच वीज चांगल्या एलईडीला दिली तर पन्नास-साठ ल्युमेन सहज मिळतात. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरे दिसते. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मोबाइलमध्ये दिवा असताना बॅटरी कशाला, असे घरातली मुले विचारतील. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागातल्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. चार्जिंगच्या वस्तू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच निकामी झाल्या. रोजच्या दिवसांतही अंधार काही संपलेला नाही. पावसाळ्यात फजरला मशिदीकडे निघालेले आजोबा, रात्री गोठ्यात किंवा परसात जाणारी आई, इशानंतर निघालेला जनाजा, या सगळ्यांना पायाखालची जमीन दिसायला हवी. मण्यार रात्रीच फिरते. कोकणात विंचवाचा दंशही साधी गोष्ट नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले, त्याआधी तांबड्या विंचवाने कितीतरी लहान मुले दगावत. पाय टाकण्यापूर्वी जमीन दिसली तर औषधापर्यंत जायची वेळच कमी येते.

आता कामाकडे. आधी बॅटरी पूर्ण सुटी करा. आत सेल फुटून सुकलेला असेल तर घाईने ठोकून काढू नका. हातमोजे घाला आणि मुलांना दूर ठेवा. साध्या जस्त-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. अल्कलाइन सेलचा पाझर याच्या उलट, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर. नंतर साध्या पाण्याचा बोळा फिरवून दोन दिवस उन्हात सुकवा. मागच्या टोपणातली स्प्रिंग, टोपणाचे आटे, खटक्याची पितळी पट्टी आणि बल्बच्या बुडाला टेकणारा ठिपका एवढ्या जागा बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण निम्म्या ‘बिघडलेल्या’ बॅटऱ्या इथेच चालू होतात. वाटी मात्र कधीही घासू नका. तिच्यावरचा चकाकता थर अत्यंत पातळ असतो आणि एकदा गेला की गेला. फुंकर मारा, फार तर मऊ ब्रश फिरवा.

मग बल्ब. तो काढून बूड पाहा. आट्यांचा आहे की गळ्याशी पत्र्याची कडी असलेला, हे आधी कळायला हवे. मॅगलाइटच्या छोट्या, पेन्सिल सेलच्या जातीत तर दोन काड्यांचा बल्ब असतो. या सगळ्या प्रकारांत एलईडीचे तयार बल्ब मिळतात, जुना काढून त्याच जागी बसणारे. पाकिटावर व्होल्टचा आकडा असतो आणि खरी मेख तिथेच आहे. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. दोन नवे सेल मिळून तीन व्होल्ट देतात, पण वापरता वापरता ते दोनवर येतात. म्हणून दोन सेलच्या बॅटरीसाठी आत व्होल्ट वाढवणारे छोटे सर्किट असलेलाच बल्ब घ्यावा. तसा नसेल तर पहिले काही दिवस झगझगाट आणि पुढे काजवा. तीन सेलच्या बॅटरीला साडेचार व्होल्ट मिळतात, तिथे ही अडचण नाही. शक्यतो ज्याची मर्यादा पसरट आहे, म्हणजे दोनपासून साडेचारपर्यंत चालेल, असा बल्ब निवडा. का ते पुढे येईलच.

जुन्या बल्बला सेल उलटे घातले तरी फरक पडत नसे. एलईडी एकाच दिशेने पेटतो. नवा बल्ब लावून उजेडच आला नाही तर दुकानदाराशी भांडण्यापूर्वी सेलची टोके पाहा.

उजेडाचा झोत पूर्वीसारखा लांब जात नाही अशी तक्रार हमखास येते, आणि ती खरी आहे. तारेचा बल्ब चारी बाजूंना प्रकाश फेकतो. वाटी तो गोळा करून पुढे सोडते. एलईडी मुळातच पुढे तोंड करून बसलेला असतो, त्याचा बराच उजेड वाटीला शिवतही नाही. म्हणून ज्या बल्बात एलईडीची चकती वाटीच्या केंद्राशी, जुन्या तारेच्या उंचीवर येते तोच घ्या. डोके फिरवून झोत जुळवता येत असेल तर भिंतीवर पाहत हळूहळू फिरवा आणि मधला ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबा. शेताच्या बांधावर लांबचे पाहायचे असते, घरात नाही. घरातल्या बॅटरीला पसरलेला उजेडच बरा.

रंगाकडे कुणी लक्ष देत नाही. बाजारात निळसर पांढरा, 6500 केल्व्हिनचा एलईडी सर्वत्र असतो, कारण दुकानात तो जास्त प्रखर वाटतो. ओल्या पालापाचोळ्यात तपकिरी जनावर ओळखायचे तर चार ते पाच हजार केल्व्हिनचा, किंचित उबदार उजेड चांगला. मिळाला तर तोच घ्या. आणि वॅटच्या मागे लागू नका. एलईडीची उष्णता पुढे उजेडातून जात नाही, बुडातून मागे उतरते. तिला वाट नसेल तर एलईडी मंदावतो आणि लवकर मरतो. छोट्या बल्बच्या आकारात अर्धा ते एक वॅट पुरेसे आहे. त्याच आकारात कुणी दहा वॅट सांगत असेल तर तो आकडाच विकतोय असे समजा.

सेलचा प्रश्न याहून मोठा आहे. मोठा जस्त-कार्बन सेल स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा. त्याचे जस्ताचे कवचच वीज देताना झिजत जाते, म्हणून तो फुटतो. अल्कलाइन जास्त टिकतो, महाग पडतो. चार्ज होणारा निकेल-मेटल-हायड्राइड सेल दीडऐवजी 1.2 व्होल्टचा असतो. सर्किट असलेल्या एलईडीला ते चालते. पेन्सिल सेलच्या मापाचे असे सेल प्लॅस्टिकच्या नळीत घालून मोठ्या सेलच्या जागी बसवता येतात, 2000 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमता मिळते. रोज थोडा वापर असेल तर हा सर्वांत निर्धोक मार्ग.

आमची पसंती मात्र दुसऱ्या सेलला आहे. सौर दिव्यांत वापरला जाणारा 32650 मापाचा लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल शहरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. जाडी सुमारे 32 मिलिमीटर. आपला मोठा सेल 34 मिलिमीटरपर्यंत असतो, त्यामुळे नळीत तो बेताने बसतो. एकाच सेलचे 3.2 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ दोन साध्या सेलइतके! क्षमता 6 अँपिअर-तास धरली तर सुमारे 19 वॅट-तास होतात, आजच्या मोबाइलच्या बॅटरीइतके. एक वॅटचा दिवा त्यावर पंधरा तास निघायला हरकत नाही. दोन सेलच्या नळीत साधारण 123 मिलिमीटर जागा असते. सेल जाऊन उरलेल्या पाच-साडेपाच सेंटिमीटरमध्ये लाकडाचा गोल ठोकळा घाला, त्याच्या मधोमध आरपार पितळी बोल्ट. ठोकळा मागे, टोपणाकडे. सेल पुढे, धन टोक बल्बकडे. मागची बाजू ऋण आणि धातूची नळीही ऋण, त्यामुळे ठोकळ्याचा बोल्ट नळीला लागला तरी काही बिघडत नाही. सेलच्या धन टोकाला मात्र नळी कधीच लागता कामा नये. नळीच्या आत जाड कागदाचे अस्तर जरूर द्या.

तीन गोष्टींत तडजोड नको. या सेलला 3.65 व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. मोबाइलच्या बॅटरीसाठीचे 4.2 व्होल्टचे सर्किट त्याला लावू नये. दुसरे, लिथियम सेल आणि साधा सेल एकामागे एक कधीही घालू नका, आणि सेलवर थेट डाग देऊ नका. तिसरे, उजेड मंद वाटला की लगेच चार्ज करा. व्होल्ट वाढवणारे सर्किट सेलला अखेरच्या थेंबापर्यंत पिळून काढते आणि अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल मग पूर्ववत होत नाही. 18650 हा बारीक लिथियम-आयन सेलही अनेक जण सुचवतात. तो भरला की 4.2 व्होल्ट देतो, फक्त तीन व्होल्टचा बल्ब त्यावर जळू शकतो. शिवाय त्या मापात 3500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास मर्यादा येते. वेष्टनावर 9900 लिहिलेले दिसले तर तो सेल घरात आणू नये.

नळी कापून चार्जिंगचे भोक पाडून देणारे कारागीर भेटतात. आम्ही ते सुचवणार नाही. नळी तशीच राहिली तर चार्ज संपलेल्या रात्री, वादळात, गावच्या दुकानातले दोन साधे सेल घालून तीच बॅटरी चालते. पसरट व्होल्टचा बल्ब घ्या म्हणालो ते यासाठीच. जुना बल्बही फेकू नका. कागदात गुंडाळून टोपणात ठेवा. मॅगलाइटमध्ये तर सुट्या बल्बाची जागा मुळातच टोपणात केलेली असते.

पेटीत ठेवताना खटका चुकून सरकू नये म्हणून साध्या सेलपैकी मागचा उलटा करून ठेवतात, जुनी माणसे असेच करीत. 32650 चा सेल मात्र उलटा न करता सरळ बाहेर काढा, धन टोकाला चिकटपट्टी लावा आणि निम्मा भरलेला असताना कोरड्या जागी ठेवा.