कर्जाचें व्याज आणि प्राप्तिकर



आमचें हुपरी गांव चांदीच्या पैंजणांसाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. या धंद्यांत कारागिराच्या हातीं कसब असतें, परंतु चांदी विकत घेण्याइतकें भांडवल सर्वांपाशीं असतेंच असें नाहीं. मग कर्ज काढावें लागतें आणि त्याच्या मागोमाग व्याज येतें. हें व्याज प्राप्तिकराच्या हिशेबांत उत्पन्नांतून वजा होतें कीं नाहीं, याचा आज विचार करूं.

धंद्याकरितां घेतलेल्या कर्जाचें व्याज नफ्यांतून वजा करावें, हें तत्त्व १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांत होतें. १९६१ च्या कायद्यानें तें कलम ३६ मध्यें कायम ठेवलें व २०२५ सालीं संमत झालेल्या नव्या कायद्यांतही तें आहे. सारा भर 'धंद्याकरितां' या शब्दावर आहे. कर्ज कोणाकडून काढलें, तारण काय ठेवलें, या गोष्टी गौण होत. राहतें घर गहाण ठेवून धंद्यासाठीं चांदी आणली, तर व्याज वजा होतें. दुकान गहाण ठेवून लग्न केलें, तर होत नाहीं.

समजा, एका कारागिरानें दरसाल १२ टक्के व्याजानें ५,००,००० रुपये काढले. त्यांपैकीं ३,००,००० ची चांदी घेतली व २,००,००० मुलीच्या लग्नांत खर्च केले. वर्षाचें व्याज ६०,००० झालें. त्यांतील ३६,००० वजा होतील, २४,००० होणार नाहींत. दोन्ही रकमा एकाच खात्यांत मिसळल्या, तर ही वांटणी सिद्ध करणें कठीण जातें. म्हणून धंद्याचें कर्ज व घरचें कर्ज निरनिराळें ठेवावें. शिवाय हें व्याज उत्पन्नांतून वजा होतें, करांतून नव्हे, हेंही ध्यानांत असावें.

आतां, रोख कर्ज न काढतां चांदीच उधार घेतली व थकलेल्या किंमतीवर व्याज दिलें, तर काय? अशा प्रश्नावर मुंबईच्या एका आगबोट कंपनीचा खटला उद्‌बोधक आहे. १९५३ च्या बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनें सिंदिया कंपनीकडून मालमत्ता विकत घेतली आणि किंमतीच्या बाकीवर व्याज दिलें. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं किंमत बाकी राहणें म्हणजे कर्ज काढणें नव्हे. तथापि तें व्याज धंदा चालविण्याचाच खर्च असल्यानें वजा होण्यास पात्र आहे.

कांहीं मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नवें यंत्र कर्जानें घेतल्यास, तें वापरांत येईपर्यंतचें व्याज यंत्राच्या किंमतींत मिळवावें लागतें. प्राप्तिकर उशिरां भरल्याबद्दलचें व्याज वजा होत नाहीं. जो लहान धंदेवाला उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनीं अंदाजी नफा दाखवितो, त्याला व्याज पुनः निराळें वजा करतां येत नाहीं. तें त्या अंदाजांत आलेंच असें कायदा धरतो. राहत्या घराच्या कर्जाचा नियम वेगळा आहे. जुन्या करपद्धतींत अटी पाळल्यास वर्षाला २,००,००० पर्यंतचें व्याज वजा होतें, नव्या पद्धतींत होत नाहीं.

तेव्हां कर्ज हातीं येतांच, पैसा कोठें गेला याची नोंद त्याच दिवशीं करावी व पावत्या जपून ठेवाव्यात. वर्षअखेरीस आठवणीवर केलेला हिशेब अधिकाऱ्यापुढें टिकत नाहीं. आणि खरोखर धंद्यासाठीं दिलेलें व्याजही केवळ नोंदीअभावीं पदरचें जातें.