लेबल उतरवलेल्या तबकड्या

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १९७३ साली कूल हर्क नावाचा एक तरुण नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या वाजवू लागला. गायक थांबतो, बाकीची वाद्यंही थांबतात आणि फक्त ड्रम उरतो, त्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तेवढाच तुकडा तो आलटूनपालटून वाजवी. आपल्याकडची तबकडी कुणाची, हे दुसऱ्यांना कळू नये म्हणून तिच्यावरचं गोल लेबल तो पाण्यात भिजवून काढून टाकत असे. युक्ती वडिलांनी शिकवलेली. त्या कागदाबरोबर वाजवणाऱ्याचं नावही गेलं.

हे संगीत प्रामुख्यानं फंक. सोल आणि जाझ यांच्या पोटातून १९६०च्या दशकात ते जन्मलं, आणि त्याला घडवणाऱ्यांत जेम्स ब्राउनचं नाव पहिलं. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून घट्ट यायचं, हा त्याचा आग्रह. आपण ज्याला सम म्हणतो, तीच ही. मात्र आपले गवई वळणं घेत घेत समेवर पोचतात. इथे चार मोजले की सम पुन्हा दारात उभी! सुरावटीपेक्षा ठेक्यावर सारी भिस्त. गिटारसुद्धा तालवाद्यासारखी वाजते.

ब्राउनचं अनुकरण अमेरिकेतल्या गावोगावच्या कृष्णवर्णीय तरुणांनी केलं. पदरमोड करून स्टुडिओ भाड्यानं घ्यायचा, सात इंची तबकडीच्या काही शे प्रती काढायच्या, गावातल्या दुकानात आणि कार्यक्रमानंतर विकायच्या. मोठ्या कंपनीचं वितरण नाही, त्यामुळे शेजारच्या राज्यातही कुणाला पत्ता लागत नसे. आम्हा कवींना हे समजावून सांगायला नको. स्वखर्चानं काढलेल्या संग्रहाचे गठ्ठे खाटेखाली ठेवून झोपणारे आम्हीच.

पुढे हिपहॉप आलं आणि या तुकड्यांना भाव चढला. ‘फंकी ड्रमर’ हे ब्राउनचं गाणं १९६९ साली ध्वनिमुद्रित झालं. त्यातला क्लाइड स्टबलफील्डचा ड्रमचा तुकडा पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला. रचनाकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे ज्याच्या हातांनी तो वाजवला, त्याला त्याचं मानधन मिळालं नाही. २०१७ साली तो वारला. एवढ्या मोठ्या बँडमधल्या वादकाची ही गत, तर खेड्यातल्या बँडची काय सांगावी?

म्हणूनच दुर्मीळ फंकच्या संकलनांबद्दल मला आस्था वाटते. सगळ्याच नव्हे. कलावंताला न विचारता छापलेल्या चोरट्या संकलनांचाही सुकाळ झाला, आणि ‘जगात दोनच प्रती’ अशी फुशारकी मारणारे संग्राहक म्हणजे माझ्या मते लेबल भिजवणाऱ्यांचेच भाऊबंद. पण काहींनी उलटा रस्ता धरला. ‘द फंकी सिक्स्टीन कॉर्नर्स’ हे संकलन २००१ साली निघालं. ते करणाऱ्या इगॉन या तरुणानं वादकांचा माग काढला, परवानगी घेतली, त्यांची हकीकत सोबतच्या पुस्तिकेत छापली.

त्या संकलनात एक गाणं शाळकरी मुलांचं आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात कॅशमियर हायस्कूल ही कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा. तिथले संगीतशिक्षक कॉनरॅड जॉन्सन. मुलं त्यांना ‘प्रोफ’ म्हणत, आपण ‘सर’ म्हणतो तसं. शाळांचे बँड तेव्हा जुन्या वळणाचं जाझ वाजवत. १९६७मध्ये जॉन्सन सरांनी ओटिस रेडिंग या गायकाचा कार्यक्रम पाहिला. ती ऊर्मी, तो जोश आपल्या मुलांत का आणू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग कॅशमियरची मुलं फंक वाजवू लागली, वाजवता वाजवता नाचूही लागली. देशभरच्या स्पर्धा जिंकल्या, परदेशी जाऊन आली, तबकड्या काढल्या. आणि १९७८मध्ये सर निवृत्त झाल्यावर सारं विस्मरणात गेलं.

‘टेक्सास थंडर सोल’ हे केवळ या शाळेच्या बँडचं संकलन २००६ साली निघालं. ऐकताना विश्वास बसत नाही की फुंकणारे सतरा-अठरा वर्षांचे आहेत. ट्रम्पेटं जरा जास्तच जोरात येतात. येऊ देत, त्या वयात तसंच वाजवावं.

१ फेब्रुवारी २००८ रोजी पन्नाशीच्या घरातले हे विद्यार्थी पुन्हा एकत्र आले. कित्येकांनी तीसेक वर्षांत वाद्याला हात लावला नव्हता. तालमी करून, ओठ सुजवून घेऊन, त्यांनी सरांसमोर तीच गाणी वाजवली. हृदयविकाराच्या दुखण्यातून उठून आलेले ९२ वर्षांचे सर समोर बसून ऐकत होते. दोन दिवसांनी ते गेले.