कॅथलिक विवाहाची शून्यता : धर्मसभेचा कायदा व भारतीय कायदा

कॅथलिक धर्मसभेस घटस्फोट मान्य नाही. मग तिचे न्यायासन विवाह 'शून्य' कसा ठरविते, असा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. १९८३ च्या कॅनन कायदा संहितेनुसार विवाह उभयतांच्या संमतीने सिद्ध होतो (कॅनन १०५७). दडपण, फसवणूक किंवा मानसिक असमर्थता यांमुळे ही संमतीच सदोष असल्यास विवाहबंध मुळात निर्माणच झाला नव्हता, असे न्यायासन घोषित करते. घटस्फोट अस्तित्वातील बंध तोडतो. शून्यतेची घोषणा बंधाचा अभाव नोंदविते. तथापि, किमान एका पक्षाने सद्भावनेने केलेल्या अशा विवाहातील अपत्ये औरसच मानली जातात (कॅनन ११३७). अशा निर्णयास दुसऱ्या न्यायासनाने दुजोरा देण्याची अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये रद्द केली.

भारतात मात्र येवढ्याने प्रश्न सुटत नाही. मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन (१९९६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मन्यायासनाच्या घोषणेने कायद्याच्या दृष्टीने विवाह संपुष्टात येत नाही, असा निर्णय दिला. केवळ त्या घोषणेवर विसंबून पुनर्विवाह करणाऱ्याचा दुसरा विवाह त्यामुळे अवैध ठरतो. याउलट, केवळ दिवाणी न्यायालयाचा घटस्फोट मिळविणाऱ्यास चर्चमध्ये पुनर्विवाह करता येत नाही. सारांश, धर्म आणि कायदा या दोहोंस मान्य होणाऱ्या पुनर्विवाहासाठी दोन्ही न्यायव्यवस्थांचे स्वतंत्र निर्णय आवश्यक ठरतात.